पडदा, रस्ता आणि ब्लर : ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील फोटोंची पार्श्वभूमी

फोटोतल्या माणसाच्या मागे जे काही दिसते त्याला स्टुडिओत बॅकग्राउंड म्हणतात, आणि ते नको असले की 'मागचं उडव' असे सांगतात. आज हे उडवण्याचे काम फोन किंवा संगणक करतो. माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सॉफ्टवेअर ओळखते आणि मागचा भाग पुसट, म्हणजे ब्लर करते. ही सोय नवी असली तरी तिच्यामागची गरज जुनी आहे. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या रेल्वेच्या मार्गावर वाढलेल्या शहरांत ही गरज कशी बदलत गेली ते फोटोंच्या मागच्या बाजूकडे पाहिले की कळते.

छायाचित्रणाची पहिली व्यवहार्य पद्धत १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर अंतर कापून ठाण्याला पोहोचली आणि १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत जाऊ लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि व्यावसायिक छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण ही मुंबईच्या या पहिल्या पिढीतली नावे. म्हणजे मुंबईत कॅमेरा रुळला तेव्हा ठाणे आणि कल्याण गाडीने जोडली गेलेली होती. पुढे या शहरांतले स्टुडिओही बहुतेक स्टेशनच्या आसपासच उभे राहिले आणि 'स्टेशन रोडचा फोटोवाला' ही ओळख कायम झाली.

माणसाला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेत ठेवण्याचा सुरुवातीचा एक मोठा प्रयोग याच मुंबईत झाला. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जाती-जमातींचा सचित्र ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत काढला. पहिला खंड गुजरात, कच्छ आणि काठियावाडचा, दुसरा महाराष्ट्राचा. त्यातली माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि त्यांच्या मागची दृश्ये वेगळ्याच ठिकाणची आहेत. माणसांचे समूह वेगळे काढून ते देवळे, घाट आणि रस्त्यांच्या चित्रांशी जोडले होते. नीट निरखले तर जोड कळतो, कारण माणसांवरचा उजेड एका बाजूचा आणि मागच्या इमारतींवरचा दुसऱ्या बाजूचा आहे. आज संगणकावर माणूस कापून दुसऱ्या दृश्यात बसवण्याच्या कामातही सर्वात आधी पकडला जाणारा दोष हाच असतो. पार्श्वभूमी बदलणे ही संगणकाच्या काळातली लबाडी आहे असे मानणाऱ्यांनी हे दोन खंड अवश्य पाहावेत. छायाचित्रण मुंबईत येऊन जेमतेम दोन दशके झाली होती तेव्हाच ते इथे सर्रास आणि उघडपणे केले गेले.

पुसट पार्श्वभूमीही तितकीच जुनी आहे. व्हिएन्नात योझेफ पेट्झवालने १८४० मध्ये खास व्यक्तिचित्रांसाठी भिंग तयार केले. त्या काळच्या फोटोच्या प्लेट्स उजेड टिपायला फार मंद होत्या. माणसाला मिनिटभर खिळवून ठेवायचे नसेल तर भिंगातून भरपूर उजेड आत यायला हवा, म्हणून पेट्झवालने भिंगाचे तोंड मोठे ठेवले. तोंड मोठे असले की फोकसची खोली कमी होते. चेहरा रेखीव येतो आणि मागचे विरघळते. हा ब्लर कोणी मुद्दाम मागितला नव्हता, उजेडाच्या टंचाईतून तो आपोआप आला. पुढे १८८९ मध्ये पीटर हेन्री एमर्सनने त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. डोळा एका वेळी एकाच गोष्टीवर स्थिरावतो, तेव्हा फोटोतही तीच गोष्ट ठळक असावी आणि बाकीचे मऊ, असे त्याचे म्हणणे होते.

मात्र आपल्याकडच्या स्टुडिओत मागचे नुसते मऊ असून भागत नव्हते. मागे काहीतरी भारदस्त हवे होते, म्हणून पडदा आला. जाड कापडावर खांब, कमान, वळणाचा जिना, संगमरवरी कठडा, त्यापलीकडे बाग आणि बागेत तळे. मराठी प्रेक्षकाला ही दृश्ये ओळखीची होती, कारण संगीत नाटकांच्या रंगमंचावर राजवाडा, बाग, जंगल आणि रस्ता असे पडदे पडत-उठत असत. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेले पडदे प्रसिद्ध आहेत. बाबूराव पुढे चित्रपटाकडे वळले. फोटोच्या पडद्याला मात्र नाटकाच्या पडद्यापेक्षा एक वेगळी अट होती. तो फार रेखीव असून चालत नसे, नाहीतर जिन्याचा कठडा थेट बसलेल्या माणसाच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसे. म्हणून कडा जाणूनबुजून पुसट ठेवत आणि रंग करड्या छटांतच खेळवत. शिवाय माणूस पडद्यापासून चार-सहा फूट पुढे बसवत, म्हणजे उरलेली धार भिंग घालवत असे. ब्रशने केलेला ब्लर आणि भिंगाने केलेला ब्लर असे दोन्ही एकाच फोटोत असत.

ठाणे हे तळ्यांचे शहर. मासुंदा तलाव स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, काठावर कोपिनेश्वराचे देऊळ. कल्याणात काळा तलाव, खाडी आणि दुर्गाडी किल्ला. असे असूनही रंगवलेल्या पडद्यावर जे तळे असे ते यांपैकी कोणतेच नसे. ते कोणत्याही गावाचे नव्हते आणि म्हणूनच ते सर्वांना चालत होते. फोटो काढणे हा प्रसंग होता. मुंज झाली, लग्न झाले, मूल सहा महिन्यांचे होऊन पालथे पडू लागले, कोणी नोकरीतून निवृत्त झाले की माणसे ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत जात. त्या प्रसंगी रोजची जागा मागे दिसावी अशी कोणाचीच इच्छा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ही इच्छा आणखी तीव्र झाली, आणि त्याचे कारण जागेची टंचाई हे होते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर वसले. गिरगाव-दादरच्या चाळींत न मावणारी मराठी कुटुंबे ठाणे आणि डोंबिवलीत घरे घेऊ लागली. एका-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ट्रंका, चूल, दोरीवरचे कपडे आणि अभ्यासाला बसलेली मुले एकत्रच असत. अशा घरातल्या मुलीचा लग्न जमवण्यासाठी काढलेला फोटो पोस्टाने परगावी जाई. सांगून आलेल्या स्थळाला मुलगी दिसावी आणि खोली दिसू नये, हे काम पडद्याकडे होते. त्या फोटोतली मुलगी टेबलावरच्या फुलदाणीजवळ उभी असे. फुलदाणी स्टुडिओची, टेबल स्टुडिओचे, कधी कधी मनगटावरचे घड्याळसुद्धा स्टुडिओचेच. या फोटोंना खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. घरच्या परिस्थितीवरून मुलीची पारख होऊ नये अशी आईबापांची धडपड त्यांत आहे.

स्टुडिओच्या आतल्या खोलीत आणखी एक काम चाले. टचिंग करणारा कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग आणि सुरकुत्या भरून काढी. ग्राहकाला मागचे काहीच नको असेल, तर बारीक ब्रशने माणसाच्या कडेकडेने उजेड अडवणारा दाट रंग निगेटिव्हवर लावत. रंग लावलेल्या भागातून उजेड जात नसल्यामुळे प्रिंटवर तो भाग कोरा पांढरा येई. केसांपाशी हात सर्वात हळू चाले, कारण तिथे एक फटकारा चुकला तर डोके कापल्यासारखे दिसे. माणूस एकीकडे आणि मागचे दुसरीकडे अशी विभागणी आजचे सॉफ्टवेअर जशी करते, तशीच ती हा कारागीर डोळ्याने आणि हाताने करत होता. अवघड जागाही तीच होती : केस.

याच सुमारास कॅमेरा स्टुडिओबाहेर पडून घरात आला. भारतात बनलेला अग्फा क्लिक थ्री हा साधा पेटीसारखा कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत पोहोचला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीच्या उटीच्या कारखान्यातून 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म मिळू लागली. अशा साध्या कॅमेऱ्याचे फोकस कायमचे बसवलेले असे आणि भिंगाचे तोंड लहान असे. त्यामुळे काही पावलांपलीकडचे सगळे जवळपास सारखेच स्पष्ट उमटे. मागचे पुसट करायचे ठरवले तरी जमत नसे.

तांत्रिक दृष्टीने हा दोष होता, पण या शहरांच्या इतिहासाला त्याने जे दिले ते कोणत्याही स्टुडिओने दिले नाही. भाऊबीजेच्या फोटोत बहीण-भावाच्या मागे कॅलेंडर आहे, त्यावरून साल कळते. कपाटावर रेडिओ आहे, खिडकीत रॉकेलचा डबा आहे. बिल्डिंगच्या गच्चीवर काढलेल्या फोटोत मागे कौलारू घरे, भाताची खाचरे आणि त्यांपलीकडे रेल्वेचे खांब आहेत. ज्या जागी आज सात मजली इमारत आहे तिथे कधी विहीर होती हे सांगणारा पुरावा अनेकदा कोणाच्या तरी मौंजीबंधनाच्या फोटोच्या कोपऱ्यात सापडतो. कल्याण स्टेशनबाहेरचा टांगा आणि दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या कोणी मुद्दाम टिपल्या नाहीत, त्या मागे राहून गेल्या. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये झाली. त्याआधीच्या दोन-तीन दशकांत ही गावे शहरे कशी झाली हे पाहायचे असेल तर घरगुती अल्बम उघडावेत आणि माणसांच्या खांद्यांवरून पलीकडे पाहावे.

रंगीत फोटो आणि कलर लॅब आल्यावर रंगवलेल्या पडद्याची सद्दी संपली. स्टुडिओच्या भिंतीवर धबधब्याचे किंवा बर्फाच्छादित डोंगराचे छापील पोस्टर आले. नंतर निळ्या-तपकिरी ढगांसारखे डाग असलेले मलमली कापड आले. या कापडावर दृश्य असे कोणतेच नव्हते, नुसता धूसरपणा रंगवलेला होता. मागे राजवाडा हवा, इथपासून मागे काहीच नको, इथपर्यंत आवड पोहोचली होती. मतदार ओळखपत्रे १९९३ पासून आली, पासपोर्टला पांढरी पार्श्वभूमी लागू लागली, आणि स्टुडिओचा रोजचा गल्ला या कोऱ्या भिंतीपुढच्या छोट्या फोटोंवर चालू लागला.

फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते स्टेशन रोडच्या स्टुडिओंत आणि डीटीपीच्या दुकानांत शिरले. संगणकावर मांडून छापलेल्या लग्नाच्या 'करिझ्मा' अल्बमसाठी तयार पार्श्वभूमींच्या डीव्हीडी विकत मिळत. नवरा-नवरीला मांडवातून कापून काढायचे आणि गुलाबाच्या पाकळ्यांत, महालात किंवा परदेशी बागेत बसवायचे. या कामाला 'कटिंग' हे नाव पडले. पेन टूलने माणसाच्या कडेवर एकेक बिंदू टाकत जायचे, पदराच्या चुण्यांपाशी सावकाश आणि केसांपाशी अंदाजाने. तोच हात फ्लेक्सच्या कामातही चालला. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकावर पंधरा-वीस चेहरे ओळीने असतात. ते वेगवेगळ्या फोटोंतून कापून आणलेले असतात आणि त्यांपैकी प्रत्येकाची मूळ जागा पुसलेली असते. जॉन्सनच्या ग्रंथातली युक्ती अशी दीडशे वर्षांनी ठाणे-डोंबिवलीच्या चौकाचौकांत उभी राहिली.

फोटोशॉपमध्ये ब्लरची सोय होतीच. पण सगळीकडे सारखा पसरणारा गाउसियन ब्लर आणि भिंगाचा ब्लर यांत फरक असतो. भिंगात दूरचा दिवा गोल चकतीसारखा पसरतो. जवळची वस्तू थोडी पुसट होते, लांबची जास्त. या पुसटपणाच्या गुणवत्तेला जगभर 'बोके' हा जपानी शब्द वापरतात. तो खरा हवा असेल तर डीएसएलआर कॅमेरा आणि मोठ्या तोंडाचे भिंग लागे. म्हणूनच फोन हातात आल्यावरही 'डीएसएलआरसारखा फोटो' म्हणजे मागचे ब्लर असलेला फोटो, असा अर्थ तरुण मंडळींत रूढ झाला.

फोनला तो का जमत नव्हता याचे कारण निव्वळ आकारात आहे. ५० मिलिमीटरचे एफ १.८ भिंग घेतले तर त्याचे उघडे तोंड ५० भागिले १.८, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर रुंद असते. फोनचे भिंग साधारण ४ मिलिमीटरचे. तोच आकडा १.८ धरला तरी तोंड जेमतेम सव्वादोन मिलिमीटर. ब्लर या तोंडाच्या रुंदीवर अवलंबून असल्यामुळे फोनमध्ये क्लिक थ्रीसारखेच जवळपास सगळे स्पष्ट येते. जे भिंगाला शक्य नाही ते गणिताने करावे लागले.

त्यासाठी चित्रातला प्रत्येक बिंदू किती दूर आहे हे कळायला हवे. ऑक्टोबर २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसवर आलेल्या पोर्ट्रेट मोडने दोन भिंगे वापरली. दोन डोळ्यांनी जसे अंतर कळते तसे दोन भिंगांच्या चित्रांतल्या फरकावरून ते काढले जाई. पुढच्या वर्षी गुगलच्या पिक्सेल २ ने एकाच भिंगावर काम भागवले. त्या भिंगाच्या डाव्या आणि उजव्या बाजूंनी येणाऱ्या उजेडांतला फरक जेमतेम एक मिलिमीटर अंतरावरचा असतो. त्याच्या जोडीला माणूस ओळखायला शिकवलेले न्यूरल नेटवर्क होते. हे जाळे असंख्य चित्रांवर शिकते. त्या चित्रांत माणूस कुठे आहे हे आधी दाखवलेले असते. नवे चित्र समोर आले की प्रत्येक बिंदू माणसाचा की मागचा याचा ते अंदाज करते. उजेडांतल्या त्या फरकावरून अंतराचा नकाशाही तयार होतो, जवळचे पांढरे आणि लांबचे काळे असा. मग त्या नकाशाप्रमाणे कमी-जास्त ब्लर पसरवला जातो.

डोंबिवलीच्या फडके रोडवर या तंत्राची रोजच्या वापरातली परीक्षा होते. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झाली आणि तिथून ती ठाणे, गिरगाव आणि इतरत्र पसरली. दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे शहरातली तरुण मुले-मुली याच रस्त्यावर जमतात. नऊवारी, नथ, फेटा, ढोल-ताशा, भगवे ध्वज आणि मागे खचाखच गर्दी. फोटोत एकटा चेहरा उठून दिसायचा तर ब्लरला पर्याय नाही. सॉफ्टवेअर चुकते तेही इथेच. नथीच्या कड्यातून दिसणारा मागचा ठिपका स्पष्टच राहतो. फेट्याचा तुरा अर्धा विरघळतो. कमरेवर हात ठेवला की कोपराच्या त्रिकोणातली गर्दी ब्लर व्हायची राहून जाते. ध्वजाची बारीक काठी हातापाशी ठळक असते आणि वर जाताना नाहीशी होते. गजऱ्याच्या कडा आणि चष्म्याच्या काचा यांचेही असेच. बारीक, पारदर्शक आणि पोकळ गोष्टी जाळ्याला अवघड जातात, कारण तिथे एकाच बिंदूत माणूस आणि मागचे दोन्ही मिसळलेले असतात. निगेटिव्हवर रंग लावणाऱ्या कारागिराला जे जपावे लागे तेच इथेही जपावे लागते. फरक एवढाच की त्याला नथ म्हणजे काय हे ठाऊक होते.

स्टुडिओच्या संगणकावर हा बदल टप्प्याटप्प्याने आला. २०१८ च्या सुरुवातीला फोटोशॉपमध्ये एका क्लिकने माणूस निवडण्याची सोय झाली आणि कटिंगचे तास मिनिटांवर आले. २०२० मध्ये त्यात न्यूरल फिल्टर, म्हणजे न्यूरल नेटवर्कवर चालणारे फिल्टर आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स ब्लर प्रायोगिक स्वरूपात आला आणि मे २०२४ मध्ये सर्वांसाठी कायम झाला. त्यात बोकेच्या चकतीचा आकार निवडता येतो, फोकस पुढे-मागे सरकवता येतो, आणि चुकलेली कडा ब्रशने सुधारता येते. म्हणजे भिंगाचे तोंड किती उघडायचे हा निर्णय, जो फोटोग्राफर फोटो काढण्यापूर्वी घेत असे, तो आता फोटो काढल्यानंतर कितीही दिवसांनी घेता येतो. केसांच्या कडेची दुरुस्ती मात्र चांगल्या स्टुडिओत आजही माणूसच करतो आणि लग्नाच्या अल्बममध्ये तो फरक दिसतो.

२०२० च्या टाळेबंदीत ब्लर फोटोतून निघून कामाच्या वेळेत शिरला. रोज लोकलने मुंबई गाठणारी माणसे घरातून काम करू लागली आणि वन-बीएचकेतली स्वयंपाकघराची भिंत, कपड्यांचा दोर, शेजारी ऑनलाइन शाळेत बसलेले मूल हे सगळे सहकाऱ्यांच्या पडद्यावर जाऊ लागले. व्हिडिओ कॉलमधले बॅकग्राउंड ब्लरचे बटण अनेक घरांत तेव्हा कायमचे चालू झाले. पन्नास-साठ वर्षांपूर्वी लग्न जमवण्याच्या फोटोसाठी स्टुडिओचा पडदा जे काम करत होता, तेच काम हे बटण करत होते. खोली तेवढीच लहान होती आणि ती दाखवण्याचा संकोचही तोच.

ब्लर केलेल्या फोटोतून मागची जागा खरोखर नाहीशी होते का, हे फोटो कुठे ठेवला आहे यावर ठरते. आयफोनवर पोर्ट्रेट मोडचा फोटो अंतराच्या माहितीसह साठवला जातो, आणि एडिटमध्ये जाऊन ब्लर काढून टाकता येतो. पिक्सेल २ मूळ फोटो आणि ब्लर केलेला फोटो असे दोन्ही ठेवत असे. पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला की फक्त वरचे, ब्लर झालेले चित्र पुढे जाते आणि अंतराचा नकाशा मागेच राहतो. एका पाडव्याच्या सकाळी फडके रोडवर टिपलेल्या फोटोतल्या दुकानांच्या पाट्या, नव्या इमारतीची परांची आणि अजून न पाडलेला जुना वाडा हे सारे काढणाऱ्याच्या फोनमध्ये शाबूत असते. कुटुंबाच्या ग्रुपवर पोहोचलेल्या प्रतीत त्या जागी रंगीत चकत्या असतात. फोन बदलताना बहुतेकदा हीच प्रत जपली जाते आणि मूळ फोटो जुन्या फोनबरोबर जातो.